तीन बोटं आणि अडीच तास : एका लिनक्स लॅपटॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या एका गावात, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या लॅपटॉपची ही हकिकत आहे. गाव, कॉलेज आणि लॅपटॉप बनवणारी कंपनी यांची नावं गाळली आहेत. प्राध्यापिकेला इथे नुसतं मॅडम म्हणू.

लॅपटॉप २०१७ सालचा. १५.६ इंची स्क्रीन, सातव्या पिढीचा इंटेल कोअर आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी आणि जोडीला एनव्हिडियाचं जीफोर्स ९४०एमएक्स हे वेगळं ग्राफिक्स कार्ड. त्या काळात असे लॅपटॉप दुकानादुकानांत होते. वेगळं कार्ड असलं की मशीन भारी, अशी समजूत होती, त्यामुळे ज्यांना गेम खेळायचे नव्हते त्यांच्या घरीही ते कार्ड पोचलं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची अधिकृत यादी, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे हा लॅपटॉप बाहेर राहिला. मॅडमच्या भाच्याने एका सुट्टीत येऊन त्यावर विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ ही लिनक्सची आवृत्ती टाकून दिली. मशीन चपळ झालं, वाय-फाय लगेच लागलं, प्रिंटर आपोआप सापडला. इथपर्यंत सगळं छान.

मॅडमचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या नियतकालिकांवर त्यांचं संशोधन चालू आहे. एका बाजूला तीन-चारशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ, दुसऱ्या बाजूला लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डने टंकलेल्या नोंदी, आणि दिवसभर या दोहोंत ये-जा. त्याखेरीज यूट्यूबवरची व्याख्यानं, ब्राउझरमधल्या ऑनलाइन बैठका, वर्गात प्रोजेक्टर. संध्याकाळी वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवेच आहेत, अभ्यासाच्या खोलीतला प्लग नाही. म्हणजे दिवसाची सगळ्यात शांत वेळ बॅटरीच्या जिवावर.

अडचण

तक्रारी दोन होत्या. विंडोजवर चारेक तास चालणारी बॅटरी आता अडीच तासांत मान टाकत होती. आणि टचपॅडवर तीन बोटं सरकवून खिडक्या बदलायची सवय होती, ते आता अजिबात होत नव्हतं.

दुसरी तक्रार ऐकणाऱ्याला किरकोळ वाटते. भाच्यालाही वाटली. “मावशी, ऑल्ट-टॅब दाब ना,” असं त्याने सांगितलं. पण दिवसातून शेकडो वेळा जे करायचं ते बोटांत बसलेलं असतं. स्कॅनमधला अंधुक शब्द वाचायला चिमटा उघडून पान मोठं करायचं, शब्द लागला की तीन बोटं सरकवून नोंदीकडे जायचं, लिहायचं, परत यायचं. मॅडमचे शब्द असे : “हात कीबोर्डवर आणि डोळे पानावर असले की विचार तुटत नाही. आता दर वेळी खाली बघावं लागतं.” ही चैनीची मागणी नाही, कामाची आहे. लिनक्स वापरणाऱ्या अनुभवी लोकांनी, आपण शॉर्टकटवर भागवतो म्हणून, अशी तक्रार उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

दोन बोटांचं स्क्रोल चालत होतं. टॅप करून क्लिक होत होतं. पण तीन बोटांना प्रतिसाद शून्य, आणि पीडीएफमध्ये चिमट्याने मोठं करणंही बंद.

भाच्याने बॅटरीसाठी शोधाशोध करून टीएलपी आणि मग ऑटो-सीपीयूफ्रेक ही वीज वाचवणारी साधनं बसवली, वर पॉवरटॉप या वीजखर्च मोजणाऱ्या साधनाचा ‘ऑटो-ट्यून’ दर वेळी मशीन सुरू होताना चालेल अशी सोय केली. बॅटरी जेमतेम दहा मिनिटांनी वाढली. त्या बदल्यात दोन नव्या कटकटी आल्या. यूएसबी माउस थोडा वेळ हलवला नाही की झोपी जाई आणि पहिला क्लिक वाया जाई. जीनोम या उबुंटूच्या डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या मेनूत ‘पॉवर मोड’ नावाचं बटण असतं ते नाहीसं झालं.

लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा मॅडमसमोर दोनच वाटा होत्या : नियमित सुरक्षा अपडेट नसलेल्या विंडोज १० वर परत जायचं, किंवा नवा लॅपटॉप घ्यायचा.

तपासणी

बॅटरीची तक्रार आली की आधी दोन आकडे बघावेत. बॅटरी नवी असताना किती ऊर्जा मावत होती आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर किती मावते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे दोन्ही आकडे ‘पॉवर सप्लाय’च्या फोल्डरात उघडे ठेवतं. इथे मूळ क्षमता ४१ वॉट-तास होती, आता २९.५ मावत होते. म्हणजे सुमारे ७२ टक्के. बॅटरी मध्ये एकदा बदललेली होती, त्या मानाने बरी. विंडोजवरचे चार तास आणि आताचे अडीच हे दोन्ही याच बॅटरीवरचे, म्हणजे दोष तिचा नव्हता.

मग खर्च. चार्जर काढला, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणला, वाय-फाय चालू ठेवलं, एकच रिकामी खिडकी उघडी. पॉवरटॉपच्या ‘डिस्चार्ज रेट’मध्ये आकडा ११ ते १२ वॉटच्या मध्ये हलत होता. साडेएकोणतीस भागिले साडेअकरा, म्हणजे अडीच तासांच्या जरा वर. तक्रार आणि गणित जुळलं. पण या जातीच्या लॅपटॉपने काहीच काम नसताना सहा-सात वॉटच्या आसपास खायला हवं. चार-पाच वॉट कुठे तरी जात होते.

पॉवरटॉपमध्येच प्रोसेसरच्या झोपेचा तक्ता असतो. त्यात कोअर बहुतेक वेळ गाढ झोपेत दिसत होते. याचा अर्थ प्रोसेसर दमवणारं काही मागे चालू नव्हतं. टीएलपी आणि ऑटो-सीपीयूफ्रेक दोघांचाही मुख्य भर प्रोसेसर आणि छोट्या उपकरणांवर असतो. जो आधीच झोपलाय त्याला आणखी किती झोपवणार? भाच्याच्या उपायांना यश का आलं नाही ते इथे कळलं.

संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत ‘एनव्हिडिया-एसएमआय’ हे साधन येतं. ते चालवल्यावर कार्ड ‘पी८’ अवस्थेत, म्हणजे निवांत पण जागं, असं दिसलं. खाली कार्ड वापरणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. त्या यादीत एकच ओळ होती : एक्सऑर्ग, ४ एमआयबी.

ती ओळ मला महत्त्वाची वाटली. कोणताही गेम नाही, व्हिडिओ नाही, तरी एक्सऑर्ग त्या कार्डाला धरून बसलेला. लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. एक्सऑर्ग हा एक्स११ चालवणारा प्रोग्रॅम. तो चालू आहे याचा अर्थ मॅडम एक्स११ सत्रात होत्या, वेलँडमध्ये नव्हत्या.

टचपॅडकडे वळण्याआधी तो हार्डवेअरचा दोष आहे की वरच्या थराचा, हे वेगळं करणं गरजेचं होतं. टचपॅड-माउसच्या हालचालींचा अर्थ लावणाऱ्या लिबइनपुटच्या साधनांमध्ये ‘डीबग-इव्हेंट्स’ आहे. ते टचपॅडचं बोलणं डेस्कटॉपला वगळून थेट कर्नलकडून ऐकतं. ते चालू करून तीन बोटं सरकवली, आणि टर्मिनलवर ‘जेस्चर स्वाइप बिगिन’, पुढे ३ हा आकडा, मग अपडेटच्या ओळींची रांग. चिमटा उघडला तर ‘जेस्चर पिंच’. टचपॅडला बोटं मोजता येत होती, कर्नलला कळत होती, लिबइनपुटलाही ओळखता येत होती. निरोप डेस्कटॉपपर्यंत आल्यावर हरवत होता. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘अबाउट’, मग ‘सिस्टिम डिटेल्स’ उघडलं. ‘विंडोइंग सिस्टिम’ पुढे लिहिलं होतं : एक्स११.

दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं. ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो.

जीनोमने तीन बोटांचे आजचे स्वाइप मार्च २०२१ मधल्या ४० व्या आवृत्तीत आणले, आणि ते वेलँड सत्र धरून आणले. उबुंटू २४.०४ मध्ये जीनोम ४६ आहे आणि तिथे वेलँड हीच नेहमीची निवड आहे. अपवाद एकच : एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर दिसला की लॉगिनची व्यवस्था एक्स११ कडे वळते. हा अपवाद उबुंटूने २४.१० मध्ये काढला, पण मॅडमकडे दीर्घ आधाराची २४.०४ होती. आता तो ड्रायव्हर आला कुठून? उबुंटू बसवताना मध्ये एक चौकट येते, ग्राफिक्स आणि वाय-फायसाठी इतरांचं सॉफ्टवेअर टाकू का, अशी. वाय-फाय चालावं म्हणून भाच्याने तिथे टिक केली. कुणीही करेल. त्या टिकेसरशी ड्रायव्हर आला, ड्रायव्हरने सत्र एक्स११ वर नेलं, आणि तीन बोटं गेली.

बॅटरीचंही तेच. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर उबुंटूत ‘प्राइम-सिलेक्ट’ हे साधन कोणतं कार्ड वापरायचं ते ठरवतं. इथे ते ‘ऑन-डिमांड’वर होतं. रोजचं काम इंटेलवर, गरज पडली तर एनव्हिडिया, असा त्याचा अर्थ. नाव ऐकून वाटतं की गरज नसताना कार्ड बंद असेल. तसं होतं, पण नव्या कार्डांवर. काम नसताना कार्डाची वीज पूर्ण तोडण्याची सोय एनव्हिडियाच्या कागदपत्रांनुसार ट्युरिंग पिढीपासून पुढे आहे. ९४०एमएक्स त्याआधीच्या मॅक्सवेल पिढीचं. त्यात ती सोय नाही. ड्रायव्हर त्याला शांत करू शकतो, झोपवू शकत नाही.

पर्याय

पहिला पर्याय भाच्याने वाचून ठेवला होता. एक्स११ वरच राहायचं आणि टचएग बसवायचं. टचएग मागे चालत राहतं, बोटांचे इशारे ओळखतं आणि ठरवलेली कृती करतं. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपनेही ५.८ या आवृत्तीपासून त्याचाच आधार घेतला आहे, त्यामुळे ते कच्चं साधन नाही. जीनोमसाठी ‘एक्स११ जेस्चर्स’ नावाचं एक्स्टेन्शनही आहे. पण यात कार्ड जागंच राहणार. अर्धी तक्रार सुटणार, आणि त्यासाठी सांभाळायच्या दोन नव्या गोष्टी वाढणार.

दुसरा पर्याय : एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्ण काढून कर्नलमधल्या नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर जायचं. नूव्हो अशा दुहेरी लॅपटॉपांवर कामाविना असलेलं कार्ड आपोआप बंद करतो, आणि वेलँडला काही अडथळा राहत नाही. कागदावर सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच. अडचण एवढीच की त्या काळातल्या काही लॅपटॉपांवर कार्ड बंद-चालू होताना अख्खं मशीन थिजतं, आणि ते या लॅपटॉपवर होतं की नाही हे काही आठवडे वापरल्याशिवाय कळत नाही. कॉलेजचं सत्र चालू होतं, अंतर्गत गुण भरायचे होते. प्रयोगाची वेळ नव्हती.

तिसरा पर्याय : ड्रायव्हर राहू द्यायचा, पण प्राइम-सिलेक्ट ‘इंटेल’वर ठेवायचं. असं केलं की मशीन सुरू होताना एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे भाग उचललेच जात नाहीत आणि कार्ड बाजूला काढलं जातं. पटलं नाही तर एका आदेशात मागे येता येतं.

केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर जाण्याचाही विचार झाला. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात ५.२५ पासून बोटांबरोबर सरकणारे इशारे आहेत, आणि स्क्रोलचा वेग ठरवायची सोयही आहे, जी जीनोम ४६ मध्ये नाही. पण मॅडमना नुकतीच एक नवी मांडणी अंगवळणी पडत होती. ती पुन्हा मोडणं मला पटलं नाही.

नव्या लॅपटॉपचा पर्याय मॅडमनीच मागे ठेवला. “आधी हा का दमतो ते तर कळू दे,” त्या म्हणाल्या.

निर्णय आणि कृती

तिसरा पर्याय घ्यायचं ठरलं. पण त्याच्या वाटेत एक खरा धोका होता, आणि या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तिथे होता.

बऱ्याच दुहेरी लॅपटॉपांवर एचडीएमआयचं तोंड एनव्हिडिया कार्डाला जोडलेलं असतं. कार्ड बंद म्हणजे एचडीएमआय बंद, म्हणजे वर्गातला प्रोजेक्टर बंद. बॅटरीसाठी प्रोजेक्टर घालवणं मॅडमना परवडणारं नव्हतं, आणि ते त्यांना भर तासाला कळलं असतं. याचं उत्तर ‘एलएसपीसीआय’ या आदेशाने येणाऱ्या उपकरणांच्या यादीत मिळतं. इंटेलच्या ओळीत ‘व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर’ लिहिलं होतं, एनव्हिडियाच्या ओळीत ‘थ्रीडी कंट्रोलर’. ‘थ्रीडी कंट्रोलर’चा अर्थ असा की त्या कार्डातून पडद्याकडे जाणारी वाटच नाही. ते हिशोब करून चित्र इंटेलच्या हवाली करतं. म्हणजे एचडीएमआय इंटेलवर, आणि कार्ड बंद केल्याने त्याला धक्का लागणार नव्हता. दोन्ही ओळींत ‘व्हीजीए’ दिसलं असतं तर मी थांबलो असतो, आणि प्रत्यक्ष प्रोजेक्टर लावून पाहिल्याशिवाय पुढे गेलो नसतो.

मग सफाई. ऑटो-सीपीयूफ्रेक काढलं, पॉवरटॉपची बूटवेळची सेवा बंद केली, टीएलपी काढून ‘पॉवर मोड’चं बटण चालवणारं उबुंटूचं मूळ पॉवर-प्रोफाइल्स-डीमन परत बसवलं. टीएलपी वाईट आहे असं मुळीच नाही. बारकाईने लक्ष घालणाऱ्याच्या हाती ते उत्तम चालतं. पण ते आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन एकाच वेळी चालवू नयेत, कारण दोघं त्याच खुंट्या पिरगाळतात. मॅडमना स्वतः बदलता येईल असं मेनूतलं बटण मला जास्त मोलाचं वाटलं. सफाईनंतर माउस झोपायचा थांबला. वॉटचा आकडा जवळजवळ तिथेच राहिला, साडेअकराच्या आसपास. हे मुद्दाम मोजलं, म्हणजे पुढच्या पावलाचं श्रेय कशाला द्यायचं याचा गोंधळ झाला नसता.

त्यानंतर प्राइम-सिलेक्टला ‘इंटेल’ सांगून मशीन पुन्हा सुरू केलं.

पहिल्या काही मिनिटांत आकडा नऊ वॉटच्या वर होता आणि मॅडमचा चेहरा पडला. बूट झाल्यावर जीनोम फाइलींची सूची नव्याने तपासतं, अपडेट शोधतं. तेवढा वेळ जाऊ द्यावा लागतो. चहा झाल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा ६.४ वर स्थिरावला होता. तीच स्क्रीन, तोच उजेड, तेच वाय-फाय.

‘विंडोइंग सिस्टिम’ पुढे आता वेलँड होतं. मी काही सांगण्याआधी मॅडमनी तीन बोटं वर नेली. उघड्या खिडक्या बोटांबरोबर मागे सरकत गेल्या, मध्येच बोटं थांबवली तशा तिथेच थांबल्या, परत खाली आणली तशा जागेवर आल्या. एक्स११ वरच्या टचएगच्या साध्या मांडणीत आणि यात मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. इशारा पुरा झाल्यावर घडणारी कृती वेगळी, आणि बोटाबरोबर चालणारा पडदा वेगळा. आडवी तीन बोटं सरकवली की वर्कस्पेस, म्हणजे खिडक्या मांडायचा वेगळा पडदा, बदलते, म्हणून पीडीएफ एका वर्कस्पेसवर आणि रायटर शेजारच्या, अशी मांडणी करून दिली. पीडीएफवर चिमटाही चालू लागला.

मग मॅडमच्या रोजच्या कामाची एकेक गोष्ट वेलँडवर तपासली. इनस्क्रिप्टने रायटरमध्ये जोडाक्षरं, रफार, ‘र्‍या’ सारखी अक्षरं टंकून पाहिली, अडचण नाही. ब्राउझरमधल्या बैठकीत पडदा दाखवायला गेलं की आता सिस्टिम आधी विचारते, कोणती खिडकी दाखवू. हे नवीन होतं, पण बैठकीत चुकून सगळा पडदा दिसण्यापेक्षा बरं. प्रोजेक्टर दुसऱ्या दिवशी कॉलेजात, एचडीएमआय ते व्हीजीए जोडणी लावून, रिकाम्या वर्गात तपासला. लागला.

टंकताना तळहात टचपॅडला लागून कर्सर उडतो अशीही एक बारीक तक्रार मधेच निघाली. जीनोम ४६ च्या टचपॅड सेटिंगमध्ये ‘टंकताना टचपॅड बंद’ हा पर्याय आहे. तो कधी तरी बंद केला गेला होता, चालू केला.

राहिले व्हिडिओ. यूट्यूबवर तासाभराचं व्याख्यान लावलं तर खर्च पुन्हा १३ वॉटवर जात होता आणि पंखा ओरडत होता. फायरफॉक्स ११५ पासून लिनक्सवर इंटेल ग्राफिक्ससाठी हार्डवेअरने व्हिडिओ उलगडण्याची सोय मुळातच चालू असते. पण हार्डवेअरला तो व्हिडिओचा प्रकार यायला हवा. सातव्या पिढीच्या इंटेलला एच.२६४ आणि व्हीपी९ हे प्रकार येतात, एव्ही१ येत नाही. ते अकराव्या पिढीपासून आलं. ते व्याख्यान एव्ही१ मध्ये येत होतं, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये एव्ही१ बंद केलं. इंटेल ग्राफिक्सचं काम दाखवणाऱ्या ‘इंटेल-जीपीयू-टॉप’मध्ये व्हिडिओची पट्टी हलायला लागली, खर्च साडेआठ वॉटच्या आसपास उतरला, पंखा गप्प झाला. ग्राफिक्स कार्डाएवढंच हेही कामाचं निघालं, आणि बॅटरीच्या चर्चेत याचा उल्लेख फार कमी होतो.

परिणाम

वाचन आणि टंकलेखनाला बॅटरी आता सव्वाचार तासांच्या आसपास जाते, व्हिडिओ मिसळले तर साडेतीन. विंडोजवरच्या अनुभवाइतकंच. बॅटरी तीच, ७२ टक्क्यांची. संध्याकाळच्या वीज जाण्याच्या वेळेत काम पुरं होतं, आणि नवी बॅटरी घ्यायचा खर्च पुढे ढकलता आला. झाकण मिटल्यावर मशीन ‘डीप’ झोपेत जातं, रात्रभरात थोडेच टक्के उतरतात. तिथे काही करावं लागलं नाही.

एक गोष्ट सुटली नाही. दोन बोटांचं स्क्रोल मॅडमना फार वेगात वाटतं. लिबइनपुट बोटांच्या हालचालीचा हिशोब वरच्या थराकडे देतं, वेग किती ठेवायचा ते डेस्कटॉपने किंवा अॅपने ठरवायचं असतं, आणि जीनोम ४६ मध्ये त्यासाठी सरकपट्टी नाही. फायरफॉक्सपुरता वेग आतल्या सेटिंगमधून कमी करून दिला. पीडीएफमध्ये तो तसाच आहे. लांब स्कॅन वाचणाऱ्या माणसासाठी ही खरी उणीव आहे आणि ती जीनोममध्ये भरून यावी अशी माझी तीव्र इच्छा आहे.

पुन्हा करायचं झालं तर

भाच्याने उबुंटू बसवल्याच्या दिवशीच ‘विंडोइंग सिस्टिम’ची ओळ आणि चार्जर काढल्यावरचे वॉट, या दोन गोष्टी पाहिल्या असत्या तर पुढची सगळी साधनं बसवावी लागली नसती. पण त्याला तसं सांगणारं कुणी नव्हतं. शोधलं की सापडतात त्या बॅटरी वाढवणाऱ्या साधनांच्या याद्या, आणि यादीतलं प्रत्येक साधन आपापल्या जागी बरोबरच असतं. वॉट कुठे जातात हे माहीत नसताना त्यातलं कोणतं निवडायचं, हे यादी सांगू शकत नाही.

असाच लॅपटॉप नव्याने तयार करायचा झाला तर ती टिक मी विचार करून लावेन. अनेक लॅपटॉपांचं वाय-फाय त्या टिकेशिवायही चालतं; थेट पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून ते आधी पाहता येतं. पण ब्लेंडरवर थ्रीडी चित्रं करणाऱ्या किंवा कूडाने ग्राफिक्स कार्डावर हिशोब चालवणाऱ्या विद्यार्थ्याला हाच लॅपटॉप दिला तर कार्ड बंद ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी ऑन-डिमांड बरोबर, आणि मग टचएगचा पर्याय पुन्हा समोर येतो. मॅडमना कार्डाचा उपयोग शून्य होता, म्हणून निर्णय सोपा गेला.

नूव्होचा पर्याय बंद झालेला नाही. मॅक्सवेल पिढीसाठी एनव्हिडियाची ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका आहे. पुढे कधी कर्नल पुढे जाईल आणि जुना ड्रायव्हर त्याच्यासोबत बांधला जाणार नाही, तेव्हा वापरात नसलेल्या ड्रायव्हरमुळे अपडेट अडण्याची शक्यता आहे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत, गुणपत्रकांचं काम संपल्यावर, टाइमशिफ्टने आधी सिस्टिमची प्रत घेऊन ड्रायव्हरची पॅकेजेस काढायची आणि दोन-तीन आठवडे नूव्होवर वापरून बघायचं ठरलं आहे. त्यात मशीन एकदा जरी थिजलं तर प्रत परत आणायची आणि प्राइम-सिलेक्ट ‘इंटेल’वर राहायचं. मॅडमनी त्या काळासाठी नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायला आत्तापासूनच सुरुवात केली आहे.